पॉन्टून पुलावर डिश लावली तर सिग्नल टिकंल का?

फायनल_इयरवाला:
भावांनो मदत पायजे. सिव्हिल आणि ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) मिळून प्रोजेक्ट हाय, महापुरात पंचगंगेवर तात्पुरता तरंगता पूल आणि त्याच पुलावर सॅटेलाइट डिश, म्हणजे टॉवर बंद पडले तरी नेट चालू. सर म्हणतात पूल हलला की डिश हलणार, गणित दाखवा. किती हललं तर चालतं? सॅटेलाइट ८३ अंश पूर्व रेखांशावरचा धरलाय.

डिशवाला_लक्ष्मीपुरी:
कोल्हापुरातनं ८३ चा सॅटेलाइट म्हणजे दक्षिणेपासनं पूर्वेकडं साधारण २८ अंश आणि वर जवळजवळ ६८ अंश. (ऑफसेट डिश, म्हणजे रिसीव्हर मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली, दिसायला बरीच उभी दिसते, तिच्या तोंडावरनं कोन मोजू नकोस.) केयू बँडला (घरच्या डिश टीव्हीची फ्रिक्वेन्सी) ६० सेंमी डिशचा बीम, म्हणजे ती जेवढ्या कोनातनं सिग्नल नीट पकडते तो, ३ अंशाच्या आसपास, म्हणजे दीड अंश सरकली की सिग्नल निम्मा. १.२ मीटरची घेतलीस तर पाऊण अंशातच निम्मा, मोठी डिश म्हणजे सेफ असं समजू नकोस. त्यात पुराच्या वेळी पाऊसच आधी सिग्नल खातोय.

सिव्हिल_गडी:
आता माझं ऐक. पुलातला एक तराफा धर, १० बाय ४ मीटरचा, अर्धा मीटर बुडालेला, वजन २० टन. २ टनाची जीप मधल्या रेषेपासनं १ मीटर बाजूनं गेली तर एकटा तराफा अडीच अंशाच्या आसपास कलतो, तुझी डिश तिथंच गेली. रुंदी ८ मीटर कर, तेवढीच जीप पाव अंशाच्या थोडं वर, कारण कलण्याला विरोध रुंदीच्या घनानं वाढतो, लांबी वाढवून ते मिळत नाही. पण खरी भीती वेगळीच हाय मर्दा. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, वरनं झाडं ओंडके वाहत येतात, असल्या प्रवाहात नांगर धरंल का? प्रयागराजचे पीपा पूल (असलेच तरंगते पूल) पावसाळ्याआधी काढूनच ठेवतात. आणि प्रत्येक तराफ्यात बंद कप्पे ठेव, १९९० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन लेकवरचा तरंगता पूल दुरुस्ती चालू असताना कप्प्यांत पाणी शिरून बुडाला होता.

सिग्नल_खुळा:
एक राहिलं. नांगराचा दोर दोन्ही टोकांना उलट्या दिशेनं ३० सेंमी ढिला पडला तर १० मीटरचा तराफा जवळपास साडेतीन अंश वळतो, पण सॅटेलाइट एवढा उंच असल्यामुळं डिशची प्रत्यक्ष चूक सव्वा अंशच होते. कललेलं मात्र पुरेपूर लागू शकतं, म्हणून रोल, म्हणजे बाजूला कलणं, आधी बघ. शिवाय नेटसाठी डिश वर पाठवते पण, ती वाकडी झाली की शेजारच्या सॅटेलाइटला त्रास, ट्रान्समिट बंदच करावं लागतं. डिश उंच गच्चीवर ठेव की, पुलावर वायफायचा छोटा रेडिओ बस्स.

फायनल_इयरवाला:
लई भारी, सगळ्यांना धन्यवाद. रुंदीचं गणित उद्या सरांना दाखवतो. पण डिश गच्चीवर गेली तर ईएनटीसीवाले पुलावर काय करणार, तेवढं सांगा.