शिक्षकाची नोकरी आणि गुप्त पक्षाचं अध्यक्षपद : रफीक हिलमी यांच्याबद्दल कुणी वाचलंय का?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. एकोणतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून मागच्या वर्षी निवृत्त झाले. आता हवं ते वाचायला वेळ आहे. सध्या इराकचा इतिहास वाचतेय आणि एका नावापाशी अडकलेय : रफीक हिलमी. जन्म किर्कुकचा, १८९८ सालचा. उत्तर इराकातल्या सुलेमानी या कुर्दी शहराच्या शेख महमूद बर्झिंजींनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, १९२२ मध्ये स्वतःला कुर्दिस्तानचा राजा म्हणवून घेतलं. तो सगळा काळ हिलमींनी अगदी जवळून पाहिला. पुढे शिक्षकी पेशा. आणि १९३९ मध्ये थेट कुर्दांच्या ‘हीवा’ या गुप्त पक्षाचे प्रमुख! हीवा म्हणजे आशा.

माझ्याकडच्या पुस्तकात हीवाला जेमतेम एक परिच्छेद दिलाय, हिलमींना एक ओळ. चाळिशी ओलांडलेला, सरकारी पगारावर घर चालवणारा माणूस गुप्त पक्ष का चालवायला घेतो? रोज वर्गावर जाणाऱ्याच्या मनात हे कुठून येत असेल? माझी सगळी हयात वर्गात गेली, म्हणून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. आणि तो पक्ष पाच-सहा वर्षांत मोडला कसा?

घाटरस्ता

ताई, उत्तराची सुरुवात १९३० पासून करा. त्या वर्षी ब्रिटन आणि इराकचा करार झाला आणि त्यात कुर्दांच्या हक्कांचा उल्लेखही नव्हता. ६ सप्टेंबरला सुलेमानीत सरकारी कचेरीसमोर लोक जमले, सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. पुढच्या वर्षी, १९३१ मध्ये, स्थानिक भाषांचा कायदा आला : कुर्दी भागातल्या प्राथमिक शाळांत कुर्दीतून शिकवायचं. कायदा कागदावर आला, पण अंमलबजावणीत सतत रखडत राहिला. ही रखडपट्टी सगळ्यात आधी कुणाला दिसणार? वर्गावरच्या मास्तरलाच.

सुलेमानीकर_दोन_वर्षं

नावावरून कळलंच असेल, दोन वर्षं सुलेमानीत राहिलोय. बांधकामाच्या कामावर होतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

घरमालक म्हातारे होते. खालच्या मजल्यावर त्यांची पहिलीतली नात गृहपाठ करत बसायची आणि मी तिच्याबरोबर अक्षरं गिरवायचो. इस्तिकानमध्ये, म्हणजे त्या चिमुकल्या काचेच्या पेल्यात, चहा यायचा. तळाशी साखरेचा थर. एकदा मी मोठ्या ऐटीत ‘गुल’ लिहिलं. फूल, असं मला म्हणायचं होतं. पोरगी पोट धरून हसायला लागली. आजोबांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि ‘ल’च्या डोक्यावर एक बारीकशी खूण केली, उडणारा पक्षी लहान मुलं काढतात तशी. म्हणाले, आता फूल झालं. खूण नसली तर त्याचा अर्थ महारोगी.

कुर्दीत दोन ‘ल’ आहेत. एक साधा आणि एक जड, जीभ मागे ओढून म्हणायचा. (आपला ळ नव्हे, पण ल आणि ळ वेगळे ऐकणाऱ्या कानाला फरक पटकन कळतो.) अरबी लिपीत त्या जड ‘ल’ला जागाच नव्हती. ‘र’चंही तेच. हे वेगळे स्वर-व्यंजन लिहिता यावेत म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात त्या लोकांनी लिपी दुरुस्त करत नेली. ताई, तुम्ही विचारलंत ना, वर्गावरच्या माणसाच्या मनात हे कुठून येतं? माझ्या मते त्या खुणेतून येतं. मुलाच्या तोंडात जो शब्द आहे तो त्याला वहीत लिहिता यावा, एवढं मागायचं तरी बगदादशी भांडावं लागत असेल, तर मास्तर राजकारणात आपोआप ओढला जातो. हिलमींनी १९४१ मध्ये कुर्दी काव्य आणि साहित्यावर ग्रंथ काढला, म्हणजे पक्ष चालवत असतानाच. मला ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत.

अजून एक. तिकडे शिक्षकाला ‘मामोस्ता’ म्हणतात. हाच शब्द मशिदीतल्या मौलवीला, कवीला, मान्यवर पुढाऱ्यालाही लावतात. त्यांच्या कानाला हे सगळं एकच काम आहे. फायक बेकस शिक्षक होते, कवी होते, आणि देशासाठी जळजळीत लिहायचे. नावाजलेले कुर्दी कवी शेर्को बेकस हे त्यांचे चिरंजीव.

कागदपत्रे

वरचं सगळं मान्य. पण ताईंचा दुसरा प्रश्न राहिला, आणि तिथे मी हिलमींना सूट देणार नाही.

हीवात शिक्षक, विद्यार्थी, वकील, कारकून आणि इराकी सैन्यातले कुर्द अधिकारी होते. शहरी, शिकलेली माणसं. बंदुका होत्या टोळीप्रमुखांकडे. १९४३ मध्ये त्यांतलेच एक, मुल्ला मुस्तफा बारझानी, सुलेमानीच्या नजरकैदेतून निसटले, त्यात हीवाच्या लोकांची मदत होती. मग बारझानींचा उठाव झाला आणि पक्षात फूट पडायला लागली : टोळीप्रमुखाच्या मागे जायचं का? इंग्रजांकडून आशा ठेवायची का? हिलमींचा कल इंग्रजांचं मन वळवण्याकडे होता. शेख महमूदांना इंग्रजांनी कैद करून हिंदुस्थानात धाडलं होतं. ते पाहिलेल्या माणसाने असं करावं, हे मला अजूनही पटत नाही. डाव्या विचारांची तरुण पोरं वैतागून बाहेर पडली. १९४५ च्या सुमाराला हीवा संपला. त्यातून ‘शोरिश’ आणि ‘रिझगारी’ हे नवे गट उभे राहिले, आणि १९४६ मध्ये त्यांतले बरेच जण बारझानींच्या नव्या पक्षात गेले.

किंमत मोजली ती अधिकाऱ्यांनी. इज्जत अब्दुलअजीज, मुस्तफा खोशनाव, खैरुल्ला अब्दुलकरीम, मुहम्मद महमूद कुदसी हे चौघे बारझानींबरोबर इराणमधल्या महाबादला गेले, तिथलं कुर्दी प्रजासत्ताक कोसळल्यावर इराकमध्ये परतले, आणि १९ जून १९४७ ला बगदादमध्ये फाशी गेले. हिलमी १९६० पर्यंत जगले.

सुलेमानीकर_दोन_वर्षं

कागदपत्रे, तुमचा राग समजतो. तरी एक सांगतो. १९३९ मध्ये हिलमींपुढे दुसरी कोणती ताकद होती? टोळ्या एकमेकींशी भांडत होत्या, आणि शेख महमूदांचं राज्य विमानांनी सुलेमानीवर बॉम्ब टाकून मोडलेलं त्यांना माहीत होतं. इंग्रजांच्या बळाचा अंदाज त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला होता. अंदाज बरोबर असूनही निर्णय चुकू शकतो, हे मी मान्य करतो. ते चौघे गेले याचं दुःख मलाही आहे.

पाटीपेन्सिल

तुम्ही तिघांनी किती मनापासून लिहिलंत! काल रात्री वहीत तो खुणेचा ‘ल’ काढून पाहिला, चार वेळा पुसला. कागदपत्रे, त्या चौघांची नावं मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलीत.

हिलमींच्या आठवणींचं पुस्तक ‘यादाश्त’ १९५६ पासून भागाभागाने निघालं, एवढं मला सापडलंय. ते शेख महमूदांच्या काळाबद्दल आहे. सुलेमानीकर, तिकडच्या ओळखीच्यांना विचाराल का, त्याचा इंग्रजी अनुवाद कुठे मिळतो ते? एखादा भाग मिळाला तरी चालेल. तोवर कुर्दी अक्षरं शिकायला घेते.