मदत हवी आहे : मळीच्या फर्मेंटरमध्ये अल्कोहोल ७.२ वर अडकलंय. साखर जाते कुठे?

वॉश_लॉग
नमस्कार मंडळी. डिस्टिलरीतला प्रश्न आहे. सी-हेवी मळी (साखर काढून शेवटी उरते ती), फेड-बॅच म्हणजे मळी हळूहळू सोडत, शेवटी २०० घनमीटर वॉश (आंबलेला द्रव). एका बॅचला ७० टन मळी, टीआरएस (एकूण साखर) ४६ टक्के, यूएफएस (त्यातली न आंबणारी) ४.५. मळी सहा तासांत सोडतो, बॅच २४ तासांची. सल्फ्युरिक टाकून सुरुवातीचा पीएच ४.६, शेवटी ४.०. तापमान ३३ ला धरायचं असतं, पण आठव्या तासापासून चढतं नि चौदाव्याला ३८ गाठतं. यीस्ट रिसायकल करतो. आधी अल्कोहोल ८.३ टक्के यायचं, आता ७.२. रेसिड्युअल शुगर (शेवटी उरलेली साखर) २.१ टक्के. व्होलाटाइल ॲसिडिटी (वाफेबरोबर निघणारं ॲसिड) वाढलेली नाही, म्हणून इन्फेक्शन नाही असं लॅबचं म्हणणं. युरिया-डीएपी वाढवून पाहिलं, काही फरक नाही. शिफ्टला शिकाऊ बायोटेक इंजिनिअर आहेत, त्यांनाही कळेल असं हिशोबासकट सांगा.

ताळेबंद
खतं वाढवायच्या आधी साखरेचा हिशोब मांडा.

टीआरएसमधून यूएफएस वजा केली की एफएस, म्हणजे आंबणारी साखर, ४१.५ टक्के. ७० टनांत २९ टन, म्हणजे वॉशमध्ये दर १०० मिलीला १४.५ ग्रॅम. एक किलो एफएसपासून कागदावर सुमारे ०.६४ लिटर अल्कोहोल मिळतं, म्हणजे ९.३ टक्के. ८.३ मिळत होतं तेव्हा कार्यक्षमता ८९ होती, आता ७७.

आता तुमची २.१ रेसिड्युअल. फेहलिंगच्या चाचणीत यीस्टला न पचणारे पदार्थही साखर म्हणूनच मोजले जातात. ७० टन मळीबरोबर ३.१५ टन यूएफएस आली, ती वॉशमध्ये १.६ टक्के भरते. म्हणजे खरी उरलेली साखर ०.५ टक्का. २.१ हा आकडा बघून सुरुवातीचं मळीचं मिश्रण पातळ करणारे बरेच आहेत, आणि त्यांचं अल्कोहोल आणखी खाली जातं.

कागदावरच्या ९.३ पेक्षा २.१ टक्के अल्कोहोल कमी म्हणजे ३.३ ग्रॅम साखर कमी. त्यातली ०.५ उरली. यीस्टचं स्वतःचं वजन आणि ग्लिसरॉल यात चांगल्या बॅचलाही दीडेक ग्रॅम जातेच. राहिले १.३ ग्रॅम. ते शोधायचेत.

व्होलाटाइल ॲसिडिटीवर विसंबू नका. वाफेबरोबर निघतं ते मुख्यतः ॲसेटिक ॲसिड. लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू करतो ते लॅक्टिक ॲसिड ऊर्ध्वपातनात मागेच राहतं आणि तुमच्या चाचणीला दिसतच नाही. टोटल ॲसिडिटी टायट्रेट करा, सुरुवातीची आणि शेवटची. मेथिलीन ब्लू लावून स्लाइड बघा: मेलेल्या पेशी निळ्या, जिवंत बिनरंगी. यीस्टच्या मध्ये बारीक काड्या, म्हणजे जिवाणू, दिसतात का तेही लिहा.

वॉश_लॉग
आज पाहिलं. टोटल ॲसिडिटी, लॅक्टिकच्या हिशोबाने, सुरुवातीला ०.३५ आणि शेवटी ०.९५ टक्के. यीस्ट काउंट मिलीला १४ कोटी, जिवंत ७१ टक्के. काड्या भरपूर, काही ठिकाणी साखळ्या. वॉश थंड करणाऱ्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये तो ३७ ला आत जातो, ३४ ला बाहेर येतो. पंप तासाला ६० घनमीटर.

प्लेट_आणि_पंप
शेवटची दोन वाक्यं लिहिलीत ते बरं केलंत, दुखणं तिथेच आहे.

एक किलो साखर आंबताना सुमारे १४० किलोकॅलरी उष्णता सुटते. २९ टनांची चाळीस लाख. २४ तासांवर वाटली तर तासाला १.७ लाख, पण तुम्ही मळी सहा तासांत ओतता, त्यामुळे ऐन भरात याच्या दुप्पट, ३.४ लाख धरा. एक्स्चेंजर काढतो ६० हजार लिटर गुणिले ३ अंश, म्हणजे १.८ लाख. बाकीचे १.६ लाख दोन लाख लिटर वॉशमध्येच राहतात, म्हणजे तासाला ०.८ अंश. सहा तासांत पावणेपाच अंश. ३३ चे ३८ झाले की नाही?

तेव्हा पहिला उपाय फुकटातला: मळी दहा-अकरा तासांत सोडा. उष्णतेचा भर पसरतो, आणि यीस्टवर साखर-क्षारांचा ताणही एकदम येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे प्लेट्स. मळीत कॅल्शियम असतंच, त्यात तुम्ही सल्फ्युरिक घालता, कॅल्शियम सल्फेट बनून प्लेटवर बसतं. कॉस्टिक सोड्याने गाळ आणि चिकटा निघतो, ही खपली निघत नाही. क्रम असा: पाणी, मग २ टक्के कॉस्टिक ७०-७५ अंशाला ४५ मिनिटं फिरवा, पुन्हा पाणी, मग १ ते २ टक्के नायट्रिक, तेही गॅस्केट कोणत्या रबराचं आहे ते पाहून. हायड्रोक्लोरिक अजिबात नको, क्लोराइडने स्टेनलेसला खड्डे पडतात. तरीही सल्फेट राहिलं तर ईडीटीएवालं (कॅल्शियम धरून ठेवणारं) डीस्केलंट वापरा किंवा प्लेट्स उघडून घासा. पीएच ४.८ ला सुरू केलात तरी चालतं, तेवढं सल्फ्युरिक वाचेल.

आणि हे ठळक अक्षरांत लिहून फर्मेंटरपाशी लावा: बंद टाकीत कार्बन डायऑक्साइड असताना कॉस्टिक फवारायचं नाही. कॉस्टिक तो वायू शोषून घेतं, आत निर्वात होतो आणि टाकी आत चेपते. आधी हवा खेळवा. माणूस आत उतरणार असेल तर ऑक्सिजन मीटरवर १९.५ टक्क्यांच्या वर दिसल्याशिवाय नाही, आणि दाराशी दुसरा माणूस हवाच.

ताळेबंद
त्या १.३ पैकी ०.६ ग्रॅम तर ॲसिडमध्येच सापडले. थोडं ॲसिड यीस्टचं स्वतःचं असतं, पण एवढं नाही. ३७-३८ अंशाला यीस्ट थकतं, लॅक्टोबॅसिलसची मात्र चंगळ होते. वर तुम्ही तेच यीस्ट रिसायकल करता, म्हणजे विरजण पुढच्या बॅचला आयतं पोचतं. जिवंत पेशी ७१ टक्के असताना रिसायकल थांबवा. दोन बॅचेस ताज्या ड्राय यीस्टवर घ्या: यीस्टच्या दहापट पाणी, ३५ ते ३८ अंश, २० ते ३० मिनिटं, मग लगेच प्रीफर्मेंटरला (यीस्ट वाढवायच्या छोट्या टाकीला). तासभर नुसत्या पाण्यात ठेवलं तर तिथेच मरायला लागतं. पुढे रिसायकल सुरू कराल तेव्हा यीस्ट क्रीम (वेगळं काढलेलं दाट यीस्ट) पीएच २.२ ते २.५ ला दोन तास ढवळत ठेवा. यीस्ट ते सोसतं, जिवाणूंना बहुतेक सोसत नाही.

युरिया कमीच करा. पिण्याचं मद्य करत असाल तर तो टाळलेलाच बरा, त्यातून इथाइल कार्बामेट हे घातक द्रव्य होऊ शकतं.

बारावीची_आई
थोडं विषयांतर. मुलीला बायोटेक्नॉलॉजी इंजिनिअरिंगला जायचंय. ते म्हणजे डीएनए, जनुकं वगैरे ना? हे पंप नि प्लेट्स त्यात येतात?

प्लेट_आणि_पंप
येतात, ताई. जीवशास्त्राची पदवी घेणारा हे यीस्ट काय करतं ते शिकतो, इंजिनिअर दोन लाख लिटरात ते करून घ्यायला शिकतो. फ्लास्कमध्ये उष्णता आपोआप निघून जाते, फर्मेंटरमध्ये काढावी लागते. प्रत्येक उद्योगाचं नडणं वेगळं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने १९५० च्या दशकात पेनिसिलिन सुरू केलं. त्या बुरशीला हवा लागते आणि पाण्यात ३० अंशाला ऑक्सिजन लिटरला जेमतेम ७-८ मिलिग्रॅम विरघळतो, म्हणून तिथे सारी धडपड हवा आणि ढवळण्याची. लशींसाठी प्राण्यांच्या पेशी वाढवताना उलटं, जोरात ढवळलं किंवा बुडबुडे जास्त झाले तर पेशी फुटतात. जळगावकडच्या केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये मोठी यंत्रं फारशी नाहीत, पण माध्यम १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करूनही हात चुकला की बाटलीत बुरशी. आणि याच डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशवर (अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्यावर) बायोगॅस करतात. तिथे खाद्य घाईने दिलं की ॲसिड साचतं आणि मिथेन करणारे सूक्ष्मजीव गप्प बसतात. मुलीला गणित आणि रसायन आवडत असेल तर खुशाल जाऊ द्या. नुसती जनुकांची आवड असेल तर बीएस्सी-एमएस्सीचा रस्ता बरा.

वॉश_लॉग
ताजं यीस्ट, साडेदहा तासांची फीड, प्लेट्स उघडून साफ केल्या. वॉश आता ३५ चा ३०.५ होऊन येतो. कमाल तापमान ३४.५. ॲसिडिटी शेवटी ०.५५. अल्कोहोल ८.०. ८.३ का नाही?

ताळेबंद
मळीचा वजनकाटा तपासा. ७० टनांत दोन टक्के चूक म्हणजे १०० मिलीला ०.३ ग्रॅम साखर, तेवढ्यात ०.२ टक्के अल्कोहोल गेलं. काटा बरोबर निघाला तर टाकीतल्या मळीची यूएफएस पुन्हा काढा. उन्हाळ्यात टाकी ४० अंशांच्या वर गेली की साखर करपत जाते आणि पावतीवरचे ४.५ खोटे ठरतात. नमुना तळातून, मधून आणि वरून असा तीन ठिकाणचा घ्या.