चर्चा: मनातलं बोलायला कार्टून कशाला लागतं?

तिखटमीठ

आमची कन्या आठवीत. स्कॉलरशिपच्या आधीचे दोन महिने रोज सकाळी साडेसहाला तिचं पोट दुखायचं. रविवारी नाही. आधी ओवा, मग जंताचं औषध, मग सोनोग्राफी. रिपोर्ट नॉर्मल. मी म्हटलं नाटकं, सासूबाई म्हणाल्या दृष्ट. नवरा दिवसातून चारदा "टेन्शन घेऊ नकोस गं" म्हणायचा, आणि तेवढ्यानेच तिला टेन्शन यायचं.

एका शनिवारी घरात 'इनसाइड आउट २' लावला, सासूबाईंसाठी हिंदीतून. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: रायली नावाच्या मुलीच्या डोक्यात आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस असे पाच जण कंट्रोल पॅनेल चालवतात. २०१५च्या पहिल्या भागात ती ११ वर्षांची असते. २०२४च्या दुसऱ्यात ती १३ची होते आणि डोक्यात चार नवे पाहुणे येतात: हेवा, कंटाळा, ओशाळलेपणा आणि चिंता. ही चिंता केशरी रंगाची, केस कारंज्यासारखे उभे, हातात बॅगाच बॅगा. चार दिवसांसाठी नाही, राहायलाच आलेली.

एका रात्री ही बाई चित्रकारांचं अख्खं ऑफिस कामाला लावते. उद्या काय काय बिघडू शकतं त्याची चित्रं काढा! रायली अंथरुणात तळमळतेय. आमची एकदम म्हणाली, "हे माझं रोज पहाटे होतं." मी सिनेमा थांबवला. तिची चित्रं ऐकून मी गारच झाले. ओएमआर शीटवर एक गोल चुकीच्या ओळीत भरला आणि पुढचे सगळे एकेक घर सरकले. निकालाच्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांच्या पेढ्यांचे फोटो, आमचाच नाही.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मन चिंती ते वैरी न चिंती." तेव्हापासून आमच्याकडे सकाळी "केशरी बाई किती वाजता आली?" अशी चौकशी होते. पोट अजून दुखतं, पण आठवड्यातून एखाद्या वेळी.

माझं म्हणणं असं की आपल्या घरांत राग आणि लाड सोडले तर बाकी कशाला तोंड फोडायची सोयच नसते. ती सोय या सिनेमाने करून दिली. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक नाशिककर

असहमत. मराठीत हुरहुर आहे, घालमेल आहे, धास्ती, काहूर, रुखरुख, चुटपुट, जीव टांगणीला लागणं आहे. एवढं घरात पडलेलं असताना केशरी बाई कॅलिफोर्नियाहून मागवायची काय गरज? ताई, राग मानू नका, पण त्या दिवशी तुम्ही लेकीचं शांतपणे ऐकून घेतलंत. हे श्रेय सिनेमाचं की पॉजच्या बटणाचं? हाच वेळ ओवा देताना दिला असतात तर?

बाकी त्या सिनेमाने जगभरात दीडशे कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. मुलांची चिंता हा उत्तम धंदा आहे.

तिखटमीठ

ओवा देताना विचारलं होतं हो. "काय होतंय?" "पोट दुखतंय." संपलं. चिंता आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं, तर सांगणार काय? काहूर हा शब्द तिने कवितेत वाचलाय, स्वतःच्या पोटात नाही.

मधली सुट्टी

शाळेत समुपदेशक आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

हे सिनेमे हवेतून काढलेले नाहीत. पहिल्यासाठी डॅकर केल्टनर आणि पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला होता. दुसऱ्यासाठी लिसा डॅमूर होत्या, ज्या किशोरवयीन मुलींबरोबर काम करतात. ते जाणवतं कुठे, तर आइस हॉकीच्या शेवटच्या मॅचमध्ये. रायलीला दोन मिनिटांसाठी बाहेर बसवतात आणि तिथे तिला पॅनिक अटॅक येतो. छातीत धडधड, श्वास पुरेना. डोक्यात केशरी बाई पॅनेलभोवती वावटळीसारखी फिरतेय, मधोमध मात्र थिजलेली आणि डोळ्यांत पाणी. म्हणजे छळणारी स्वतःच घाबरलेली. हे मी मुलांना फळ्यावर दहा वेळा सांगितलं तरी पोचलं नसतं.

आणि शेवटी तिला हाकलत नाहीत! आरामखुर्चीत बसवून चहा देतात. टीममध्ये निवड होणं आपल्या हातात नाही, पण उद्या स्पॅनिशची परीक्षा आहे, ते तुझं काम, असं सांगतात. चिंतेला हद्द आखून द्यायची. इतकं नेमकं मी तरी पालकसभेत बोलू शकलेले नाही.

पण गैरवापरही बघते. गृहपाठ झाला नाही की "मॅम, मला एन्झायटी आहे". उलट ज्यांना खरंच आहे ती मुलं मागच्या बाकावर गप्प असतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांत कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला होता. झोप उडाली, जेवण तुटलं, शाळा बुडायला लागली की सिनेमा बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास.

शंकेखोर

माझी शंका वेगळीच. डोक्यात वेगवेगळी माणसं बसून खटके ओढतात, हे चित्रच मुळात फसवं नाही का? लिसा फेल्डमन बॅरेटसारख्या शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे की मेंदूत रागाची, भीतीची अशी ठरलेली खोली नसतेच. मेंदू दर वेळी अनुभव आणि प्रसंग बघून भावना घडवतो.

आणि घरगुती पुरावा: भाच्याने टीव्हीचा रिमोट भिंतीवर आपटला. विचारलं तर म्हणे, "मी नाही, लाल काकांनी आपटला." म्हणजे सिनेमातला लाल रंगाचा राग. आता लाल काकांकडून नऊशे रुपये कसे वसूल करायचे?

पोथीवाला

शंकेखोर, खोल्या नसतील, पण याद्या आपल्याकडे फार जुन्या आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात ८ स्थायी भाव आणि ३३ व्यभिचारी भाव. व्यभिचारी म्हणजे येणारे-जाणारे, भलतं समजू नका. त्यात चिंता आहे, असूया आहे, व्रीडा म्हणजे लाज आहे, आलस्यही आहे. दुसऱ्या भागातले चारही पाहुणे जवळपास हजर! मला मौज वाटली ती 'येणारे-जाणारे' या कल्पनेची. चिंता येते तशी जाते, हे मुलाला कळलं तरी पुष्कळ. त्या अर्थाने सिनेमात ती बॅगा घेऊन राहायला येते, हे मला जरा खटकलं.

फ्रीमाँटकर

मी पहिल्या भागाच्या बाजूने साक्ष द्यायला आलोय. त्यात रायलीचं कुटुंब मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला येतं. आम्ही कोथरूडहून त्याच खाडीच्या काठी आलो, तेव्हा मुलगा नऊचा. त्यातली आई रायलीला झोपवताना म्हणते की बाबा खूप ताणात आहेत, तू हसत राहिलीस तर त्यांना मदत होईल. प्रेमानेच म्हणते. मी सोफ्यावर चुळबुळलो. कारण सामान उघडायच्या आधीच मी आमच्या चिरंजिवांना सांगितलं होतं, "आईसमोर रडायचं नाही हं."

मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, मुद्दाम. सिनेमा संपल्यावर मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला "इट्स ओके", आणि मग तासभर रडला. पुण्यातल्या सायकलसाठी.

रोखठोक नाशिककर

फ्रीमाँटकर, वाचून गलबललं, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही परदेशात एकटे. आमच्याकडे भरल्या घरात आजी, काकू, आत्या, कुणाच्या ना कुणाच्या कुशीत पोर रडून घ्यायचं. ती माणसं गेली म्हणून पडदा लागतो.

आजोळची

भरलं घर? आमच्या वाड्यात चौदा माणसं होती. दहावीच्या वर्षी मी नखं खायचे, रक्त येईपर्यंत. चौदापैकी एकानेही का म्हणून विचारलं नाही. आजीने बोटांना कडुलिंबाचा रस लावला. मी तोही चाटायची सवय केली.

गप्प बाप

दोन्ही बाजू बोलण्यावरच अडल्यात. माझा मुलगा पंधराचा, त्याला बोलायचंच नसतं. 'इनसाइड आउट' लावला तर दहा मिनिटांत उठला: "बाबा, हे मला शिकवायला लावलंय ना?" वास बरोबर लागतो त्यांना.

त्याला भावला तो २०२२चा 'पुस इन बूट्स: द लास्ट विश', तोही तलवारबाजीसाठी. त्यात हा शूर बोका मरणाला घाबरून जंगलात पळतो आणि झाडाला टेकून धापा टाकत बसतो. छोटा कुत्रा येतो. काय झालं विचारत नाही, श्वास घे म्हणत नाही. बोक्याच्या पोटावर डोकं ठेवून पडून राहतो. बोक्याचा श्वास हळूहळू उतरतो. बास.

प्रीलिमच्या आदल्या रात्री मुलगा अंधारात गॅलरीत उभा होता. मी जाऊन शेजारी बसलो, मोबाइल घरात ठेवून. वीस मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग म्हणाला, "डास चावतायत, आत चला." माझ्या लेखी ते संभाषण होतं.

मधली सुट्टी

गप्प बाप, हे पुढच्या पालकसभेत सांगू का? नाव न घेता.

गप्प बाप

सांगा. डासांसकट.

तिखटमीठ

सर्वांना धन्यवाद. एक घोळ झालाय. कन्येने धागा वाचला. ओएमआर आणि पेढ्यांची गोष्ट सगळ्या जगाला का सांगितली, म्हणून संध्याकाळपासून अबोला आहे. सिनेमातला तो गुलाबी, हूडीच्या नाड्या ओढून तोंड लपवणारा ओशाळलेपणा सध्या आमच्या सोफ्यावर बसलाय, पांघरुणासकट.

रोखठोक नाशिककर

आधी तिला विचारलं होतंत का?

तिखटमीठ

नाही. चुकलंच. पेढ्यांचं वाक्य तेवढं काढ म्हणतेय. संपादनाची मुदत संपलीय, कुणाला काही मार्ग माहीत असेल तर सांगा.