जेमिनी ८: अजेनापासून सुटल्यावर गिरक्या वाढल्या कशा?

कक्षाभ्रमण:
१६ मार्च १९६६. नासाचे अंतराळवीर नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी उड्डाणानंतर साडेसहा तासांनी आपलं यान जेमिनी ८ हे अजेना या मानवरहित यानाला जोडलं, अवकाशातलं पहिलं डॉकिंग (दोन यानांची जोडणी). २७ मिनिटांत जोडयान कलंडू लागलं. अजेनावर संशय घेऊन त्यांनी ते सोडलं, तर गिरक्या उलट सेकंदाला ३०० अंशांच्या घरात गेल्या. बिघडलेला थ्रस्टर (यान वळवणारं छोटं रॉकेट) क्र. ८ जेमिनीचाच होता हे माहीत आहे. पण मग सुटल्यावर वेग का वाढला? आपलाच थ्रस्टर जळतोय हे आत कळू नये? आणि यान ताब्यात आल्यावर तीन दिवसांची मोहीम त्याच दिवशी का गुंडाळली?

उघडी_झडप:
पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जेमिनीच्या मागच्या अडॅप्टर नावाच्या भागावर १६ थ्रस्टर होते, त्यातले दिशा सांभाळणारे ८, प्रत्येकाचा रेटा २५ पौंड. त्यांतलं इंधन मोनोमिथाइल हायड्रॅझिन आणि ते जाळणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड एकमेकांना लागले की आपसूक पेटतात, ठिणगी लागत नाही. म्हणजे झडप उघडी राहिली की थ्रस्टर चालू. क्र. ८ ची झडप उघडीच राहिली. जोडलेलं असताना तोच रेटा जवळपास सात टनांचं लांबलचक धूड फिरवत होता. अजेना सुटल्यावर त्याच्या वाट्याला पावणेचार टनांचं आखूड यान आलं. स्वतःच्या अक्षाभोवतीच्या गिरकीत अजेनाचा अडसर तसा कमीच, पण नाक डावी-उजवीकडे फिरण्याला त्याचा मोठा विरोध होता, कारण तिथे वस्तुमानापेक्षा अंतर जास्त मोजलं जातं.

तेजोवलय:
दुसऱ्याबद्दल. दोघांना दोष देण्यात अर्थ नाही. जमिनीशी संपर्क तुटण्याआधी ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रानेच सांगून ठेवलं होतं की अजेना बिघडलं तर कमांड ४०० ही आज्ञा पाठवून त्याचं दिशानियंत्रण बंद करा. स्कॉटनी केलंही. त्यात गिरकी मध्येच थोडा वेळ थांबली, त्यामुळे संशय पक्का झाला. थ्रस्टरचा आवाज म्हणाल तर तो सुटा फटका मारताना जाणवतो, सलग जळताना नाही. खरा सुगावा इंधनाच्या काट्याने दिला: अडॅप्टरमधलं इंधन ३० टक्क्यांवर आलं होतं. अजेनाच्या चुकीने जेमिनीचं इंधन इतकं कसं संपेल?

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. सुटण्याआधी स्कॉटनी अजेनाचा ताबा जमिनीवरच्या केंद्राकडे दिला. ते राहून गेलं असतं तर अजेना जमिनीच्या आज्ञा घेत नसतं. पुढे जुलैत जेमिनी १० त्याच अजेनापाशी जाऊन आलं, ते यामुळेच.

उघडी_झडप:
@तेजोवलय, बरोबर. तिसरा मुद्दा मात्र नियमाचा. अडॅप्टरची यंत्रणा पूर्ण बंद करून आर्मस्ट्राँगनी नाकावरची पुनर्प्रवेशाची (परत वातावरणात शिरतानाची) थ्रस्टर यंत्रणा चालू केली. तिच्यात ८-८ थ्रस्टरची दोन स्वतंत्र कडी. यान सावरल्यावर एक कडं लगेच बंद केलं, तरी या राखीव इंधनातलं सुमारे ७५ टक्के खर्च झालं. बरं, ही यंत्रणा वापरेपर्यंत स्फोटक झडपांनी मोहोरबंद असते. ती मोहोर एकदा फोडली की परत बंद होत नाही, आणि पुढे गळती झाली तर वातावरणात शिरताना यानाची दिशा धरायला काहीच उरत नाही. म्हणून नियम: या यंत्रणेची मोहोर फुटली की पहिल्या सोयीच्या जागी उतरा.

सातव्या कक्षेत वेग कमी करणारी रेट्रो रॉकेटं पेटवली, यान ओकिनावाच्या पूर्वेला सुमारे ८०० किमीवर पॅसिफिकमध्ये पडलं. एकूण उड्डाण १० तास ४१ मिनिटं. पॅराशूटने उतरलेल्या तीन बचाव जवानांनी (पॅराजंपर्स) यानाला तरंगतं ठेवणारी फ्लोटेशन कॉलर बांधली. त्यांना घ्यायला लिओनार्ड एफ. मेसन ही विनाशिका (युद्धनौका) पोचायला मात्र तीनेक तास लागले.

कक्षाभ्रमण:
धन्यवाद, चित्र स्पष्ट झालं. म्हणजे स्कॉटचा दोन तासांचा नियोजित स्पेसवॉकही यातच गेला. पण क्र. ८ चा स्विच बंद केला असता तर भागलं नसतं का?

तेजोवलय:
नाही, तिथेच तर गोम होती. सर्वात संभाव्य कारण शॉर्टसर्किट, बहुधा स्थिर विजेमुळे. स्विच बंद असतानाही झडपेला वीज मिळत राहिली. नंतरच्या यानांत प्रत्येक थ्रस्टरचं सर्किट वेगळं केलं, म्हणजे स्विच बंद तर त्या झडपेची वीज खरोखर तुटलेली.