फिलाडेल्फियाच्या आधीचे जेम्सटाउन

अमेरिकी लोकशाहीचा उगम अमेरिकेचे संविधान तयार करणाऱ्या १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेत आणि फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूच्या सत्ताविभाजनाच्या विचारात आहे, असे अनेकदा म्हटले जाते. हे खरे असले तरी अपुरे आहे, कारण त्या परिषदेतील अनेकांना प्रातिनिधिक सभागृहाचा अनुभव घरचाच होता. ३० जुलै १६१९ रोजी व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीतील जेम्सटाउनच्या लाकडी चर्चमध्ये ११ वस्त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी गव्हर्नर जॉर्ज यर्डली यांच्यासमवेत बसले. तंबाखूचा भाव, आळस, जुगार, मूळ रहिवाशांशी व्यवहार अशा अगदी रोजच्या प्रश्नांवर त्यांनी नियम केले आणि असह्य उकाड्यामुळे (सभा चालू असतानाच एक प्रतिनिधी दगावला) ४ ऑगस्टला कामकाज आटोपते घ्यावे लागले. पुढच्या दीड शतकात कर बसवण्याचा अधिकार वसाहतींच्या अशा सभागृहांनी हळूहळू आपल्याकडे घेतला, म्हणूनच लंडनने लादलेला १७६५ चा स्टॅम्प कायदा (छापील कागदपत्रांवरचा कर) त्यांना इतका झोंबला.

मात्र त्याच १६१९ च्या ऑगस्टअखेर व्हर्जिनियातच पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकी बंदिवान अन्नसामग्रीच्या मोबदल्यात विकले गेले, हे वगळून हा इतिहास सांगणे मला अप्रामाणिक वाटते; प्रतिनिधित्वासाठी लोकसंख्या मोजताना प्रत्येक गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरणारी संविधानातील तरतूद (ती १८६८ मध्ये रद्द झाली) याच व्यवहाराची वारस होती.