छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाचा कायदेशीर आधार कोणता?

प्रश्न (परभणी): मराठवाडा पूर्वी हैदराबाद उच्च न्यायालयाच्या कक्षेत होता. मग आपल्याकडील खंडपीठ नेमके केव्हा व कोणत्या अधिकाराने सुरू झाले? ते मुंबईपासून स्वतंत्र न्यायालय मानायचे का?

उत्तर (लातूर): स्वतंत्र नाही. 1862 मध्ये स्थापन झालेले मुंबई उच्च न्यायालय एकच असून मुख्य न्यायमूर्तीही एकच आहेत. येथे बसणारे न्यायमूर्ती त्याच न्यायालयाचे असतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा आपली अपिले मुंबईकडे गेली आणि नांदेड-बीडच्या पक्षकारांना दाद मागण्यासाठी थेट मुंबई गाठावी लागली. तो त्रास पंचवीस वर्षे चालला, ही गोष्ट आज फारशी कोणी सांगत नाही, पण ती सांगितलीच पाहिजे.

उत्तर (जालना): कायद्याचा भाग जोडतो. राज्य पुनर्रचना अधिनियम, 1956 च्या कलम 51(3) नुसार राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्ती अन्य ठिकाणी न्यायमूर्ती बसवू शकतात. त्याच आधारे 27 ऑगस्ट 1981 रोजी तत्कालीन औरंगाबाद येथे कामकाज सुरू झाले. त्याला आव्हान मिळाले, मात्र सर्वोच्च न्यायालयाने नारायण शामराव पुराणिक प्रकरणात हा अधिकार वैध ठरवला. कायमस्वरूपी खंडपीठासाठी कलम 51(2) नुसार राष्ट्रपतींचा आदेश लागतो. तो 1984 मध्ये निघाला.

उत्तर (अहिल्यानगर): हे खंडपीठ केवळ मराठवाड्याचे नाही. आमचा जिल्हा, तसेच जळगाव, धुळे व नंदुरबार हेही त्याच्याच कक्षेत येतात.