मदत हवी आहे : ‘डिब्ज’ला मराठीत काय म्हणावे?

नमस्कार. एका अमेरिकी किशोरकथेचे भाषांतर करताना माझे काम एका जागी अडले आहे. बहीण गाडीकडे धावत ‘शॉटगन’ असे ओरडते आणि पुढची जागा पटकावते. भाऊ पिझ्झ्याच्या शेवटच्या तुकड्यावर ‘डिब्ज’ म्हणून हक्क सांगतो. ‘शॉटगन’चे मूळ प्रवासी घोडागाडीत चालकाशेजारी छऱ्यांची बंदूक घेऊन बसणाऱ्या पहारेकऱ्यात आहे. ‘डिब्ज’चा संबंध बहुधा ‘डिबस्टोन्स’ या खेळाशी जोडला जातो. खडे किंवा मेंढीच्या सांध्यांची हाडे उडवून झेलण्याचा, म्हणजे जवळजवळ आपल्या सागरगोट्यांचाच हा खेळ, आणि इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९३ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात लहान मुली तो तासन्‌तास खेळत असल्याचे नोंदवले आहे. ब्रिटनमधील मुले याच अर्थाने ‘बॅग्झी’ म्हणतात.

मला प्रथम ‘रुमाल टाकणे’ सुचले, परंतु एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारा तोंडाने काहीच बोलत नाही, तर येथे केवळ उच्चारानेच हक्क सिद्ध होतो. ‘खिडकी माझी!’ हे जवळचे वाटते, मात्र त्यात तो एकशब्दी तोरा नाही. आपण लहानपणी अशा वेळी नेमके काय ओरडत होता, हे कृपया गावाच्या उल्लेखासह कळवावे.